टपावरची चार भोकं

टप कापायच्या आदल्या रात्री झोप लागली नाही.
कुपवाडच्या एमआयडीसीत, दस्तगीरच्या शेडमागं
गाडी उभी,
टपावर मास्किंग टेपचा चौकोन,
चौदा इंच बाय चौदा. पंख्यासाठी.

हौसा म्हणाली, चांगल्या पत्र्याला भोक पाडायचं
आणि त्याचा खर्चही आपणच करायचा,
कुठली अक्कल म्हणायची ही?

बावीस वर्षं हीच गाडी चालवली मी.
जत ते मिरज, रात्री-अपरात्री,
सिव्हिलचा मागचा दरवाजा झोपेतही सापडायचा.
लिलावात बोली लावणारे दोघंच.
दुसरा भंगारवाला,
तो ऐन वेळी चहाला गेला.

सकाळी दस्तगीरनं सेंटर पंच धरला,
हातोडी माझ्याकडं दिली.
पहिला ठोका मालकाचा.
टक्.
तांदळाच्या दाण्याएवढा खळगा,
झालं, आता माघार नाही.
मग ड्रिल, मग जिगसॉ,
मानेवर गरम किस, दातांत पत्र्याची चव,
आणि चौकोन आत कोसळला तेव्हा
गाडीत पहिल्यांदाच वरून ऊन उतरलं.
स्ट्रेचर असायचं
बरोबर तिथं.

कडा कानशीनं घासल्या, रेड ऑक्साइड मारलं.
उघडा पत्रा थांबत नाही, दस्तगीर म्हणतो,
रात्रीत धरतो गंज.
गॅस्केट, सीलंट, सोळा स्क्रू, समोरासमोरचे आधी,
एकदम आवळायचे नाहीत, घरातली भांडणं मिटवतात तसं
थोडं इकडं, थोडं तिकडं.

सोलरसाठी माप घेताना
केबिनच्या वरचा भाग पुसला,
तर रंगाखाली चार गाठी लागल्या हाताला.
एम-सीलनं कुणीतरी घाईत बुजवलेली भोकं.
निळा दिवा होता तिथं.
लिलावाआधी काढून घेतात.
दिवा, भोंगा, काचेवरची उलटी अक्षरं.
भोकं तेवढी आपल्याकडं राहतात.

दस्तगीर म्हणाला, ही सोड, शेजारी नवी पाडू.
म्हणालो, चार भोकं वाचतील.
त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं
आणि आठचे बोल्ट शोधायला आत गेला.

डाव्या अंगाला सावली.
हौसाच्या भावानं तासगावहून आणलेलं
बेदाण्याच्या शेडचं हिरवं नेट,
कितीही धुवा, डिपिंग ऑइलचा वास जात नाही.
हौसानं त्याला काठ शिवला, साडीला शिवतात तसा,
आणि एक टोक आखूड निघालं म्हणून
दिवसभर कुणाशी बोलली नाही.

संध्याकाळी पाण्याची परीक्षा.
दस्तगीर शिडीवर, हातात नळी,
हौसा आत, हातात बॅटरी,
मी दारात, दोघांच्या मधे निरोप्या.
आला का?
नाही.
आता?
नाही म्हणतेय ना.
पाणी टपावरून, नेटवरून, माझ्या चपलांवरून गेलं,
शेजारच्या फाउंड्रीची पाळी सुटली,
पोरं सायकली थांबवून बघायला लागली.

मग आतून, हळू :
एक आला.

पंख्याशी नव्हे, केबिनच्या वर,
तिसऱ्या जुन्या भोकातून.
हौसानं तो तळहातावर धरला होता.
कोमट आहे, म्हणाली.

बोल्ट काढला, भोक कोरडं केलं, पुन्हा भरलं.
अंधार पडला तरी मी टपावरच बसून होतो,
सीलंट वाळायला चोवीस तास लागतात
हे ठाऊक असूनही.

किती माणसं इथं आडवी पडून
ह्या पांढऱ्या पत्र्याकडं बघत गेली.
भोसे फाट्यावर एका बाईनं विचारलं होतं,
उजाडलं का हो?
मी आरशातून म्हणालो होतो, उजाडतंय.
तीन वाजले होते.

अहो, झाकण उघडा की, आतून हौसा.
खाली वाकून बघितलं तर
चटई टाकून ती तिथंच पडलेली,
तोंडावर चौदा इंचांचं आभाळ.

दस्तगीरनं शिडीची घडी घातली, हात पुसले.
पहिली फेरी कुठं मग?
ठरलं नाही अजून, मी म्हणालो.

सिव्हिल सोडून कुठंबी,
आतून आवाज.